वीस टोमॅटो, पाच खराब

संख्याशास्त्राच्या पहिल्या परीक्षेत मी नापास झाले आणि घरी सांगितलं, निकाल अजून लागायचाय. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. निकालाला किती दिवस लागतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी त्याचा फायदा घेतला. महिन्याभरानं फेरपरीक्षा होती, तीही तोंडी. ती गेली तर वर्ष जाणार आणि खोटंही उघडं पडणार.

माझं घोडं जोड्यांपाशी अडलं होतं. वीस वस्तूंमधून दोन किती प्रकारे निवडता येतात? सूत्र पाठ होतं, पण त्यावर विश्वास नव्हता. म्हणून वहीत एकेक जोडी लिहीत बसले. तीनशे ऐंशी झाल्या. मग लक्षात आलं की एक-दोन आणि दोन-एक ही एकच जोडी आहे. निम्म्या खोडल्या. एकशे नव्वद. सूत्रानं हे एका ओळीत सांगितलं असतं.

शेडमध्ये आई मार्केटसाठी टोमॅटोचं कॅरेट भरत होती. प्लॅस्टिकच्या क्रेटला आमच्याकडे कॅरेटच म्हणतात. मी विचारलं, "आई, वीस टोमॅटोंत पाच खराब. न बघता दोन उचलले, तर दोन्ही चांगले निघायची शक्यता किती?"

"दोन्ही चांगलेच निघतील."

"असं नसतं गं. एकशे नव्वद जोड्यांतल्या एकशे पाच चांगल्या. निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच शक्यता."

"अगं, खराब मी तळाला घालते. व्यापारी वरचेच उचलून बघतो."

"पण प्रत्येक टोमॅटोला सारखी संधी पाहिजे!"

"खराबाला वर यायची संधी देऊ? येडी हाय का तू?"



फेरपरीक्षेत सरांनी विचारलं, "पेटीत वीस बल्ब, पाच बिघडलेले. न बघता दोन काढले. दोन्ही चांगले असण्याची शक्यता?"

अगदी माझंच गणित! उत्तर जिभेवर होतं. पण तोंडातून निघालं, "सर, पेटी कुणी भरली?"

दाराशी थांबलेली मुलं खो खो हसली. सरांनी मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे... भरणाऱ्यानं बिघडलेले तळाशी घातले असतील तर..."

"घरी काय भरता?"

"टोमॅटो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं. पेटी चांगली ढवळलीय असं धर."

"एकशे नव्वदांपैकी एकशे पाच, सर."

"आणि ढवळली नसेल तर?"

"तर हे गणित लावता येणार नाही."

"हे आधीच्या पेपरात का नाही लिहिलंस?" म्हणत त्यांनी गुण मांडले. काठावर, पण पास.

घरी आल्या आल्या सांगितलं, "आई, पास झाले!" तिनं हातातला टोमॅटो पुसला, कॅरेटात वर ठेवला. तिच्याकडे बघून मला पुढचं बोलणं भाग पडलं. "म्हणजे... आधी एकदा नापास झाले होते. निकाल कधीच लागला होता."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "महिनाभर नुसतं वरचं वरचं सांगत होतीस. तळ मला कळत नाय व्हय?"

मग तिनं एक कॅरेट माझ्याकडे सरकवलं. "भर आता. आणि मोजत बसू नको."