धोंडीबाची साखळी

कबड्डीच्या मैदानाभोवती जमलेली माणसं चढाई करणाऱ्यालाच बघतात. एका दमात समोरच्यांच्या अंगणात शिरणारा, मांडीवर थाप मारणारा तो. टाळ्या सगळ्या त्याच्या. डाव्या कोपऱ्यात वाकून उभ्या असलेल्या धोंडीबाकडे कुणी ढुंकूनही बघत नसे. एकटा मुरारी बघायचा, आणि तोही शेजारी उभा राहून, त्याचा हात धरून.

दोघंही चिंचवडच्या एका फाउंड्रीत कामाला. धोंडीबा चाकणकडचा, एकोणचाळीस वर्षांचा, आणि बोलण्यात इतका कंजूष की दिवसाचे दहा शब्द संपले की उरलेलं काम मानेवर भागवायचा. मुरारी त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि त्याच्या वाट्याचंही बोलणारा. भट्टीतून वितळलेलं लोखंड बादलीत घ्यायचं, बादली लांब दांड्याला अडकवलेली, दांड्याचं एक टोक धोंडीबाच्या हातात, दुसरं मुरारीच्या. पावलाला पाऊल मिळवत तो रस साच्यांपर्यंत न्यायचा. एकाचा तोल गेला की दुसऱ्याचा पाय भाजलाच म्हणून समजा. त्यामुळे तिथे एकच कायदा होता. पाय सटकतोय असं वाटलं की "ठेव!" म्हणून ओरडायचं, आणि दुसऱ्याने त्याच क्षणी बादली टेकवून हात मोकळे करायचे. का, कशाला, काय झालं, ते सगळं नंतर.

धोंडीबा कंपनीच्या कबड्डी संघात आधीपासून होता; मुरारीही आला तेव्हा या जोडीला काही शिकवावं लागलं नाही. दोघांनी हात गुंफले की साखळी तयार. धोंडीबा कधी सरकणार हे मुरारीला त्याच्या श्वासावरून कळायचं. फोरमन सोपानराव म्हणायचे, "अरे, माझं लग्न होऊन वीस वर्षं झाली, पण आमचं दोघांचं एवढं जुळलेलं नाही!"

कारखान्यांच्या चषकासाठी धोंडीबा नऊ वर्षं खेळत होता. नऊही वर्षं चषक दुसरीकडे गेला. १९७१ च्या दिवाळीनंतर संघाचं काम बघणाऱ्या अण्णासाहेबांनी त्याला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं, "धोंडीबा, हा तुझा शेवटचा हंगाम. पुढच्या वर्षी नवी पोरं घेणार." धोंडीबाने मान हलवली. घरी मात्र त्याच्या बायकोने, चिमाबाईने, चषकासाठी भांड्यांची एक फळी रिकामी करून ठेवली. चषक कंपनीच्या ऑफिसात जातो, कुणाच्या घरी नाही, हे तिला सांगायची छाती कुणाला झाली नाही.

आणि काय हंगाम झाला तो! सहा सामने, सहाही जिंकले. उपांत्य सामन्यात भोसरीकडचा एक पहिलवान गडी चढाईला आला. रेड्यासारखं अंग, त्याने तिघांना झटकून मैदानाबाहेर फेकलं होतं. धोंडीबाने त्याच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. त्याच्या टाचेवर नजर लावून बसला, आणि टाच उचलल्याबरोबर हलकेच साखळी पुढे नेली. ना धक्का, ना ओढाताण. एवढा मोठा गडी जागच्या जागी थांबला आणि त्याचा दम तिथेच संपला. मुरारीने स्वतःचा हात त्यात असूनही तोंडात बोट घातलं. आपण काय केलं ते त्याला कळलं नव्हतं. धोंडीबाने त्याच्याकडून करून घेतलं होतं. असा माणूस आपला हात धरतो, या विचाराने त्याचा ऊर भरून आला.

अंतिम सामना पिंपरीत, रविवारी दुपारी. झाडांवरसुद्धा माणसं. शेवटची चढाई उरली तेव्हा फाउंड्रीचे सतरा गुण, समोरच्यांचे सोळा. एवढी एक चढाई अडवली की चषक आपला. समोरचा गडी आत घुसला, धोंडीबाच्या कोपऱ्याकडे वळला आणि साखळीत सापडला. दोघांचे गुंफलेले हात त्याच्या कमरेत घट्ट. मध्यरेषा दोन हात लांब. बाहेर लोकांनी टोप्या उडवल्यादेखील.

तेवढ्यात भुसभुशीत मातीत मुरारीचा पाय सटकला. तो पडला नाही, नुसता डगमगला. पण त्याच्या तोंडून शब्द गेला: "ठेव!"

धोंडीबाचे हात उघडले.

गडी उडी घेऊन मध्यरेषेवर पडला. पंचांनी दोन बोटं वर केली. दोघं बाद, दोन गुण, सतराला अठरा. सामना संपला. शिव्यांचा पाऊस पडला, तोही धोंडीबावर, कारण हात त्याने सोडले होते. "म्हातारा विकला गेला" असंही कुणीतरी ओरडलं. धोंडीबाने खाली वाकून टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि चालू लागला. मुरारी मैदानातच मटकन खाली बसला.

सोमवारी मुरारी कामावर आला तो मेल्याहून मेल्यासारखा. भट्टीजवळ धोंडीबा हाताला फडकी गुंडाळत होता. मुरारी त्याच्यासमोर उभा राहिला.

"दादा, माजी चूक हाय. म्या सगळ्यास्नी सांगतो, म्याच वरडलो म्हून."

"काय गरज न्हाई."

"पर मैदान व्हतं ते दादा! भट्टी न्हवती. तुमास्नी ठावं व्हतं. मग का सोडलं तुमी?"

धोंडीबाने फडक्याची गाठ मारली. मग आयुष्यात पहिल्यांदाच तो मुरारीशी लांबलचक बोलला.

"तू ठेव म्हनला आन हात उगाडलं. मंग ध्येनात आलं, की कप गेला. रातभर डोळ्याला डोळा न्हाई, खोटं कशाला बोलू. नऊ वर्सं वाट बगितली व्हती लेका. पर त्या टायमाला कप ऱ्हाऊ दे का मुरारी ऱ्हाऊ दे, आसा इचार करत म्या घटकाभर जरी थांबलो आस्तो, तर आज तू माज्यासंगं ह्यो दांडा उचलला आस्तास का?"

मुरारीने या माणसाला कोपऱ्यात रेडे थोपवताना पाहिलं होतं, पण इतका मोठा तो त्याला कधी दिसला नव्हता. डोळे पुसावेत तर हाताला राख. भट्टीचं तोंड उघडलं, सोपानरावांनी हाक दिली. मुरारी वाकला आणि त्याने आपल्या बाजूचं टोक उचललं.