एकोणीस नंबरची पट्टी

माझ्या पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा माझ्याकडे एकाहत्तर स्लाइड तयार होत्या. बोलायला मिळणार होती वीस मिनिटं. आमच्या कॉलेजात संगणक शिकवणारी माझी मैत्रीण माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे. तिने स्टाफरूममध्ये त्या सगळ्या स्लाइड भराभर पुढे सरकवल्या आणि म्हणाली, "यार, हे प्रेझेंटेशन नाहीये. हा तुझा प्रबंधच आहे, फक्त आडवा केलायस." मला राग आला. पहिली स्लाइड गणपतीची, दुसरी मार्गदर्शकांच्या सगळ्या पदव्यांची आणि पुढच्या तीन ऋणनिर्देशाच्या होत्या. त्यातल्या एकीलाही हात लावायची माझी तयारी नव्हती.

मी मालाडला समाजशास्त्र शिकवते आणि बोरीवलीला राहते. उभा जन्म खडू आणि फळ्यावर काढलेली बाई मी. पन्नाशी जवळ आल्यावर पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय अगदी घरातला होता, कोकणातून उपनगरात आलेल्या कुटुंबांतल्या बायकांचा दिवस कुठे जातो. बायकांकडून आठवडाभराची डायरी घ्यायची, अर्ध्या अर्ध्या तासाची, आणि मग प्रत्येकीच्या दिवसाची एक रंगीत पट्टी काढायची. स्वयंपाक लाल, नोकरी निळी, माणसांचं करणं हिरवं, बाजारहाट जांभळा आणि स्वतःसाठी ठेवलेला वेळ पिवळा. त्या पट्ट्यांसाठी मी चार वर्षं घालवली होती.

मैत्रिणीने मला हाताशी धरलं. रोज मधल्या सुट्टीत एक धडा. एका स्लाइडवर एकच मुद्दा. अक्षर एवढं मोठं की शेवटच्या बाकावरच्याला चष्मा पुसावा लागू नये. स्लाइडवर लिहिलंय ते वाचायचं नाही, लोकांना वाचता येतं. संदर्भांची यादी आपोआप लावणारं एक फुकटचं साधन तिने मला बसवून दिलं, आणि हाताने लावलेल्या चारशे संदर्भांसाठी मी घालवलेली अख्खी दिवाळीची सुट्टी आठवून मला रडू यायचं बाकी राहिलं. आपला मराठी फाँट दुसऱ्याच्या संगणकावर गेला की कोऱ्या चौकटी दिसतात, म्हणून सगळ्याची पीडीएफ करायची, ती स्वतःलाच मेल करायची, पेनड्राइव्हवर ठेवायची आणि फोनमध्येही ठेवायची. "तिन्ही ठिकाणी?" मी विचारलं. "तुझं नशीब बघता चार ठिकाणी ठेव," ती म्हणाली.

बाहेरच्या परीक्षक बाई दुसऱ्या शहरातून ऑनलाइन येणार होत्या. मी पडद्यावरच्या चेहऱ्याकडे बघून बोलले तर त्यांना मी खाली मान घालून बोलतेय असं दिसणार, असं मैत्रिणीने दाखवून दिलं. बोलताना कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघायचं. तो ठिपका मला काही केल्या सापडेना. शेवटी तिने माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या शेजारी लावली. मी टिकलीशी बोलायला शिकले, आणि आता वर्गसुद्धा ऑनलाइन घ्यायचा झाला तर टिकलीशिवाय मला जमत नाही.

शेवटचा धडा सगळ्यांत अवघड होता. ज्याला तुझ्या विषयातलं काही कळत नाही अशा माणसासमोर सराव कर, ती म्हणाली. त्याला कळलं तर परीक्षकालाही कळेल.

नवऱ्याने लगेच ऑफिसचं कारण सांगितलं. सासरे ऐकायला कमी, आणि जे ऐकू येतं त्यावर दहा प्रश्न विचारणारे. राहिल्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, मूळच्या मालवणकडच्या, आणि कांदिवलीच्या एका औषधाच्या कंपनीत तीस वर्षं पॅकिंगला काम करून निवृत्त झालेल्या. घरात त्या माझ्याशी कधी मराठी, कधी मालवणी बोलतात, रागावल्या की फक्त मालवणी. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला. सासरे आपली मालिका बंद करून दुपारी झोपले की माझं व्याख्यान चालू. ओट्यावरचा टायमर त्या मांडीवर घेऊन बसायच्या आणि वीस मिनिटं झाली की उठून सरळ चहा टाकायला जायच्या. माझं वाक्य अर्धवट राहिलं तरी.

खरं सांगते, माझ्या मार्गदर्शकांनी पाच वर्षांत जेवढं शिकवलं नाही तेवढं त्यांनी आठ दुपारींत शिकवलं. "ह्या परत कित्याक सांगतंस? मगाशी सांगलंस ना?" असं त्या म्हणायच्या आणि एक स्लाइड जायची. ऋणनिर्देशाच्या तिन्ही स्लाइड त्यांनीच उडवल्या. एका पाकिटात दोन औषधं घातली तर आमचा सुपरवायझर अख्खी खेप परत पाठवायचा, म्हणाल्या. एकाहत्तराच्या अठरा झाल्या. त्या दुपारी मला फार आवडायच्या. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण आम्ही दोघी स्वयंपाकघराबाहेर इतका वेळ कधी एकत्र बसलोच नव्हतो.

तेरावी स्लाइड मी आठवडाभर त्यांना दाखवायचं टाळत होते. त्याचं कारण सांगायला हवं. माझी एकोणिसावी बाई डायरी अर्धवट टाकून गावाला निघून गेली होती, आणि शोधून दमल्यावर त्या रिकाम्या जागी मी आईंनाच, म्हणजे सासूबाईंनाच, बसवलं होतं. आपलंच माणूस घ्यायचं नसतं, हे मी मुलांना वर्गात शिकवते. मार्गदर्शकांना मी ते सांगितलं नव्हतं. आणि नेमकी हीच एकोणिसावी पट्टी सगळ्या प्रबंधात उठून दिसत होती. लाल, हिरवी, जांभळी, पण पिवळ्याचा कणही नाही. संपूर्ण आठवड्यात एकदाही नाही. शेवटचं प्रकरण मी त्याच पट्टीवर उभं केलं होतं, आणि परीक्षकांनी आपल्या अहवालात तिचीच स्तुती केली होती.

आठव्या दुपारी टाळणं शक्य नव्हतं. पट्टी टीव्हीवर आली. आई बराच वेळ बघत बसल्या. त्यांना ओळखायला कठीण गेलं नाही, पहाटे साडेचारचा सासऱ्यांचा काढा बोरीवलीत दुसरं कोण करतं?

"ही मी ना?"

मी हो म्हटलं.

"ह्या खोटा आसा गो," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या, तरी मालवणीत म्हणाल्या. "माझो अर्धो तास होतो. रोजचो. तुका सांगूक नाय."

संध्याकाळी त्या भाजी आणायला जायच्या, तो तास मी जांभळा रंगवला होता. भाजी घ्यायला, येण्याजाण्यासकट, अर्धा तास पुष्कळ झाला. उरलेला वेळ त्यांचा होता. कंपनीत होत्या तेव्हापासूनचा. कुठे जायच्या, काय करायच्या, ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

"तो माझो होतो, म्हणान. तुझ्या वहीत गेलो असतो तर तो तुझो झालो असतो." मग टीव्हीकडे बघतच त्या म्हणाल्या, "आता काय, आता तर भाजी दारात येता."

हे ऐकून मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. डायरी घेतल्यानंतर वर्षभरातच, त्यांचे गुडघे दुखतात म्हणून, मीच फोनवरून भाजी मागवायला लागले होते. त्यांचा वेळ वाचावा म्हणून! बायकांच्या वेळेवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईने सासूचा उरलासुरला वेळ एका बोटाने पुसून टाकला होता, आणि वर कौतुकाची अपेक्षा केली होती. त्यांनी कधी तक्रार केली नाही. सांगायचं झालं असतं तर आधी तो अर्धा तास कबूल करावा लागला असता.

"ह्या खंय लिवचा नाय," त्यांनी बजावलं. "आणि घरात तर सांगूचाच नाय." सासऱ्यांना बायको नजरेआड झाली की चैन पडत नाही. कुठे निघालीस, किती वाजता येणार, कुणाकडे, कशाला. त्यांचं प्रेम विचारण्यातच आहे, पण सतत उत्तर देणाऱ्या माणसाचं काय होत असेल याचा विचार मी तोवर केला नव्हता.

माझी चांगलीच वाट लागली होती. प्रबंध परीक्षकांकडे होता. पट्टी खोटी आहे हे मला आता माहीत होतं, आणि ते मी बोलले तर आईंची चोरी भर सभेत उघडी पडणार होती, कारण आई आणि सासरे दोघांनीही यायचं म्हणून इस्त्रीचे कपडे काढून ठेवले होते. मैत्रीण म्हणाली, ती स्लाइड काढून टाक, विषय संपला. पण परीक्षक बाई तीच आधी मागणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. मी एवढंच केलं की मार्गदर्शकांना फोन करून, एकोणीस नंबर माझ्या नात्यातली बाई आहे, हे कबूल केलं. ते एवढंच म्हणाले, विचारलं तर खरं ते सांगा.

संशोधन केंद्र घाटकोपरच्या एका कॉलेजात होतं. तिथल्या संगणकावर माझ्या स्लाइड उघडल्या आणि पडदाभर कोऱ्या चौकटी. मैत्रिणीने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, मेलवरून पीडीएफ उघडली आणि तिथल्या कॅमेऱ्याशेजारी टिकली लावली. सासरे ऐकू यावं म्हणून पहिल्या रांगेत बसले. आई मुद्दाम शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. अक्षर दिसतं का ते बघते, म्हणाल्या. नवरा बाहेर समोसे आणि चहाच्या मागे होता, कारण आमच्याकडे उमेदवाराने पोटभर खायला घातल्याशिवाय खुली मौखिक परीक्षा पुरी होत नाही.

एकोणीस मिनिटांत माझं बोलणं संपलं. मग पडद्यावरून परीक्षक बाईंनी विचारलं, "तेरावी स्लाइड पुन्हा दाखवाल? ही जी एकोणीस क्रमांकाची स्त्री आहे, तिच्याकडे खरोखरच काहीच वेळ नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

मी टिकलीकडे बघायला हवं होतं. मी शेवटच्या रांगेकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

"नाही," मी म्हटलं. "ती माझ्या नात्यातली आहे, हे मी प्रबंधात लिहायला हवं होतं, ते राहिलं, ती माझी चूक. आणि ही पट्टी तिच्या दिवसाची नाही. तिने मला जेवढं सांगितलं तेवढ्याची आहे. तिने काय सांगितलं नाही, ते मी इथे सांगू शकत नाही."

मार्गदर्शकांनी घसा साफ केला आणि घाईघाईने विचारलं, सभागृहातून कुणाला काही विचारायचं आहे का? हा प्रश्न नेहमी उपचार म्हणून विचारतात आणि आधीच सांगून ठेवलेला एखादा विद्यार्थी हात वर करतो. हात वर झाला तो शेवटच्या रांगेतून. आई उभ्या राहिल्या.

"मला विचारायचं नाही, सांगायचंय," त्या स्वच्छ मराठीत म्हणाल्या, बँकेत बोलतात तशा. "त्या बाईकडे थोडा वेळ असणारच. तिने मुद्दाम सांगितला नसेल. बाईने आपला वेळ सांगितला की घरातले त्याच्यात काम घालतात. प्रेमानेच घालतात. पण घालतात."

परीक्षक बाईंनी खाली बघून काहीतरी लिहून घेतलं. मग विचारलं, "आपण कोण?"

"मी ऐकायला आलेय," असं म्हणून आई खाली बसल्या.

पदवीची शिफारस झाली. नात्याची कबुली आणि न सांगितलेल्या वेळेबद्दल दोन पानं घालायची, या अटीवर. लोक अभिनंदन करत होते, सासरे दिसेल त्याला ही आमची सून म्हणून सांगत होते, आणि मला मात्र आईंना गाठायचं होतं. त्या समोसा न घेता जिन्याशी उभ्या होत्या. मला माफी मागायची होती. गुडघ्यांची, भाजीची, पट्टीची. तोंडातून एकच निघालं, "आई, चुकलं माझं."

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. "बरा बोललंस," म्हणाल्या. मग पिशवी खांद्याला लावली. "तुमी व्हा फुडे. माका वायच उशीर होतलो." आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, त्या खाली उतरल्या.

सासरे हातात बशी घेऊन जिन्यापर्यंत आले. "खंय चलली ती? खंय?" त्यांनी वरूनच हाक मारायला तोंड उघडलं. बावीस वर्षांत मी त्यांना कधी अडवलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या दंडाला धरलं आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "बाबा, विचारू नका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रिकाम्या जिन्याकडे. हाक मारली नाही.

आम्ही तिघं घरी पोचलो, त्यानंतर तासाभराने आई आल्या. मी दार उघडलं, त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि पाणी दिलं. पिशवीत भाजी नव्हती.