अडतीस वर्षं दुसरा

आंसेल्म कायरादला मोंतेराक गावात सगळे ओळखत, आणि त्याच्या रागालाही. लोत नदीच्या खोऱ्यातल्या मेंढवाड्यांमधून मेंढ्यांचं दूध गोळा करणारा डेअरीचा टँकर त्याने पस्तीस वर्षं चालवला. एखाद्या शेतकऱ्याने अंगणातला ट्रॅक्टर वेळेवर हलवला नाही, तर हा पठ्ठ्या आठवडाभर त्याच्याशी चकार शब्द बोलत नसे. दूध मात्र न्यायचा, मापात थेंबाचाही फरक नाही. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बायको आली की रविवार गेला." लोक हसायचे, पण तो ते अगदी मनापासून बोलत असे.

रविवार म्हणजे सायकल, आणि सायकल म्हणजे लेओन्स. आंसेल्मच्या तेहतिसाव्या वर्षी वरच्या पठारावरचा लेओन्सचा मेंढवाडा त्याच्या टँकरच्या वाटेवर आला. पहिल्याच दिवशी आंसेल्मला तिथे खुंटीला टांगलेली हिरवी शर्यतीची सायकल दिसली. दूध भरेपर्यंत दोघं गिअरच्या दात्यांवरून भांडले, आणि पुढच्या रविवारी बरोबर निघाले. त्यानंतर एखादं आजारपण किंवा मेंढ्या विण्याचा हंगाम सोडला तर एकही रविवार चुकला नाही.

त्यांचा नियम एकच होता. परतीच्या वाटेवर नदीचा पूल ओलांडला की मोंतेराकची पाटी येईपर्यंत चारशे मीटर सरळ रस्ता आहे. पूल आला की बोलणं बंद. जो पाटीपाशी आधी पोचेल, त्याने पुढच्या रविवारचा रस्ता ठरवायचा. लेओन्स काटक होता, त्याच्या अंगावर चिमटीत धरायला मांस नव्हतं. आंसेल्म होता थोराड. लेओन्स तीनशे मीटर त्याच्या मागच्या चाकाला चिकटून वाऱ्याच्या आडोशाने यायचा आणि शेवटी अलगद बाजूने निघून जायचा. मग कॅफेत बसून चढच निवडायचा. आंसेल्मला आवडायचा नदीकाठचा सपाट रस्ता, अक्रोडांच्या सावलीतला. तो त्याच्या वाट्याला यायचा वर्षातून एकदा, लेओन्सची ट्यूब पंक्चर झाली तर. म्हणजे अडतीस वर्षं हा माणूस दुसऱ्याच्या आवडीचे डोंगर चढत राहिला.

"अजून किती वर्षं मागून येणार आहेस?" कॅफेवाली मोरिसेत कॉफी ठेवता ठेवता विचारायची.

"मी त्याला दमवतोय," आंसेल्म म्हणायचा. "हळूहळू दमवतोय."

दोघंही सत्तरीपार गेले होते तेव्हाची गोष्ट. मार्चमधल्या एका रविवारी आंसेल्म पाटीपाशी पहिला पोचला. ट्यूब शाबूत, साखळी जागेवर, सरळ सरळ पहिला. त्या दिवशी कॅफेत त्याने असा काही गोंधळ घातला की मोरिसेतने शेवटी त्याला खुर्चीवरून खाली उतरवलं. पुढच्या रविवारी पुन्हा तोच पहिला. तिसऱ्याही रविवारी. दोन रविवार नदीकाठचा रस्ता झाला, अक्रोडांना पालवी फुटत होती, आणि आंसेल्म शीळ घालत होता.

चौथ्या रविवारी त्याने जोर काढता काढता मान वळवून मागे पाहिलं. लेओन्स दोन्ही हात हँडलच्या वर ठेवून, पाठ ताठ करून, नदीकडे बघत सावकाश येत होता. पेडलवर जोर मुळी नव्हताच.

आंसेल्मचं डोकंच फिरलं. पाटीखाली तो सायकल आडवी घालून उभा राहिला.

"भीक घालतोयस मला?"

"कसली भीक?" लेओन्स हसत म्हणाला.

"पाटीची! मुद्दाम हरतोस. म्हातारा झाला बिचारा, घेऊ दे त्याला चार दिवस, असंच ना?"

"कुठली पाटी?" लेओन्सने विचारलं.

आंसेल्मला वाटलं, हा आता वर थट्टाही करतोय. अडतीस वर्षं तो खरोखर हरला, त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं, पण दयेने मिळालेले हे तीन रविवार त्याच्या घशाखाली उतरेनात. तो म्हणाला, "आजपासून तुझा रस्ता तुला, माझा मला." आणि डोक्यात राख घालून घरी निघून गेला.

पुढचे रविवार तो एकटा नदीच्या डाव्या काठाने जाऊ लागला. उजव्या काठावर लेओन्स दिसायचा, कधी पुढे, कधी मागे. एकदा लेओन्सने पलीकडून हात केला. आंसेल्मने खाली वाकून पाण्याची बाटली उचलली आणि उगाचच दोन घोट घेतले. माफी मागायला लेओन्सनेच आलं पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणी लेओन्सचं नाव काढलं की तो उठून जायचा. जूननंतर पलीकडचा रस्ता रिकामाच असायचा. आंसेल्म म्हणाला, बरं झालं. कोणाला म्हणाला? घरात होतं कोण? शेगडीवरच्या सूपला म्हणाला.

ऑक्टोबरात लेओन्सची बायको सोलांज आंसेल्मच्या दाराशी आली. कोट अंगावर तसाच ठेवून ती स्वयंपाकघरातल्या बाकावर बसली.

"भांडायला नाही आले," ती म्हणाली. "एकदा बघून जा त्याला, एवढंच. हिवाळ्यानंतर काही उपयोग होणार नाही."

"काय झालंय त्याला?"

सोलांज त्याच्याकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला माहीत नाही?"

मग तिने सांगितलं. फेब्रुवारीपासून सुरुवात झाली होती. आधी शब्द गेले, मग रस्ते. जूनमध्ये तो घरापासून दोन किलोमीटरवर एका फाट्यावर सायकल धरून उभा सापडला, संध्याकाळपर्यंत. तेव्हापासून तिने सायकल कुलपात ठेवली. "मला वाटलं, सगळ्यांच्या आधी तुलाच कळलं," ती म्हणाली. "दर रविवारी बरोबर असायचास ना. वाटलं, तुला ते बघवलं नाही म्हणून यायचा थांबलास. तसे बरेच जण थांबले. तुझा राग आला होता मला, पण समजू शकत होते."

आंसेल्मला खोटं बोलता आलं असतं. तिने आयतं कारण हातात दिलं होतं. पण तो म्हणाला, "मला वाटलं, तो मला मुद्दाम जिंकू देतोय."

"सात महिने?" तिने विचारलं. मग उठून कोटाची बटणं लावत म्हणाली, "एप्रिलमध्ये त्याला सगळी माणसं ओळखू येत होती, आंसेल्म. रविवारी सकाळी टोपी घालून फाटकाशी बसायचा, दुपारपर्यंत. आज येईल म्हणायचा. मग एकटाच निघायचा, तुला शोधायला."

ती गेल्यावर आंसेल्मने टेबलावर डोकं ठेवलं आणि तो रडला. आई गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

रविवारी तो पठारावरचा चढ चढला. पाय भरून आले, छाती धपापत होती, पण तो उतरला नाही. लेओन्स फाटकाशेजारच्या बाकावर बसला होता, टोपी घालून, वर लोकरी जाकीट. चांगला दिसत होता. गालही थोडे भरले होते.

"बोंजूर मुस्यू," लेओन्स अदबीने म्हणाला. "बसा ना. चढ भारी आहे आमचा."

त्या 'बसा ना'ने आंसेल्मच्या काळजाचं पाणी झालं. आयुष्यात एकदाही दोघं एकमेकांना अहो-जाहो बोलले नव्हते.

"सायकल छान ठेवली आहे तुम्ही," लेओन्स म्हणाला. "आमच्या आंसेल्मची अशीच आहे."

"लेओन्स, मीच आंसेल्म."

लेओन्सने त्याला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मग परक्या माणसाला वाईट वाटू नये अशा बेताने मान हलवली. "नाही हो. आंसेल्म कसा येईल? तो रागावलाय माझ्यावर."

"कशाबद्दल?"

"तेच तर आठवत नाही. सोलांजलाही विचारलं. काहीतरी केलं असणार मी." तो गुडघ्यावरचे हात चोळू लागला. "लोक म्हणतात त्याच्या नाकावर राग आहे. पण तो उगीच रागावणारा माणूस नाही, मुस्यू. मी ओळखतो त्याला."

चाळीस वर्षं सगळं खोरं ज्याच्या रागाला हसत आलं, त्याच्या बाजूने बोलणारा हा एवढा एकच माणूस होता.

"मला भेटला होता तो," शेवटी आंसेल्म म्हणाला. "त्याचा राग गेलाय. म्हणाला, चूक माझीच होती, लेओन्सने काही केलं नाही. माफ कर म्हणाला."

"असं म्हणाला?"

"हो."

लेओन्सच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. मग हळूहळू तो ओसरला, आणि कपाळाला आठी पडली.

"मग तो स्वतः का येत नाही?"

आंसेल्मने सायकल भिंतीला टेकवली आणि बाकावर त्याच्या शेजारी बसला. "येईल," तो म्हणाला. सोलांज जेवायला हाक मारेपर्यंत दोघं खालच्या रस्त्याकडे बघत आंसेल्मची वाट पाहत राहिले.