कंपनीत काय होतं?

मोशीत कुठल्याही पोराला विचारा, बाप काय करतो? उत्तर एकच: "कंपनीत हाय." कुठल्या कंपनीत, तिथं बनतं काय, हे विचारणं म्हणजे आगाऊपणा. आमच्या ताहेरा मॅडम तो आगाऊपणा पगार घेऊन करतात.

त्या नववीला मराठी शिकवतात, मी गणित. माहितीपर निबंधाला त्यांनी विषय दिला, 'कंपनीत काय होतं?' सगळ्या वर्गाच्या निबंधांचा शेवट एकच निघाला: 'म्हणूनच कंपनी ही काळाची गरज आहे.' मॅडमनी ते वाक्यच बंद केलं.

"अहो मॅडम, मग पोरं थांबणार कशी? ब्रेक फेल होईल," मी म्हटलं.

"सांगायचं संपलं की थांबायचं, सर. करमाळ्यात नव्हतं का शिकवलं?"

माझ्या गावाचा अपमान मी चहाबरोबर गिळला.

मुख्याध्यापक भिमाजी सरांना मात्र धडकी भरली. परीक्षेत मार्क गेले तर? म्हणाले, "शनिवारी मला एक निबंध ऐकवा. पटला तर ठीक, नाहीतर सोमवारपासून गाइड पाठ."

मॅडमनी पूनमला धरलं. तिचे वडील वायपर बनवतात.

"बनवतात म्हणजे?"

"रबर बसवतात."

"काच तर फुगीर असते. रबर चिकटून कसं राहतं?"

पूनम घरी जाऊन वडिलांच्या मागं लागली. "अगं, शिफ्ट करून आलोय, जेवू तरी दे!" म्हणत त्यांनी शेवटी शेजाऱ्याच्या गाडीचा वायपर उचलून दाखवला.

शनिवारी तिनं वाचलं: 'वायपरच्या दांडीच्या बुडाशी स्प्रिंग असते. ती दांडी काचेवर दाबून धरते. खरं वाटत नसेल तर दांडी उचलून बघा.'

सर उठले, खाली गेले आणि स्वतःच्या गाडीचा वायपर उचलू लागले. आम्ही सगळे खिडकीत.

"सर, मधीच सोडू नका! काच फुटंल!" पूनम ओरडली.

सर दांडी धरून जागच्या जागी. "हे तू वाचलं नाहीस!"

"लिवलंच न्हाई!"

"मग आता मी काय करू?"

"धरून हळूच टेकवा."

सरांनी टेकवली. परत उचलली, परत टेकवली. मग मान वर करून म्हणाले, "मॅडम, गाइड राहू द्या. पण हे निबंधात घ्यायला लावा."

ताहेरा मॅडमनी पूनमपुढं निबंध सरकवला. "कुठं घालशील?"

"'उचलून बघा'च्या आधी," पूनम म्हणाली.