पुढच्या विमानाने वेग सोडला

दीपमाला ओव्हाळला ड्यूटीवरून उतरवलं आणि तिसऱ्या दिवशी ती नांदूरघाटला घरी आली. आईने, भिमाबाईने, तिच्या हातातली बॅग घेतली. पोरीचा चेहरा बघून तिने नुसता चहा टाकला.

गावात सगळे दीपमालाला विमानाची टेशन मास्तर म्हणत. काम त्याहून अवघड होतं. रडारसमोर बसायचं, उतरायला येणारी विमानं एका रांगेत लावायची, प्रत्येकाला वेग सांगायचा आणि दोघांतलं अंतर राखायचं. अकरा वर्षं ती एका मोठ्या शहराच्या विमानतळावर हेच करत होती.

त्या मंगळवारी दुपारी दोन विमानं एकामागे एक येत होती. दोघांनाही तिने सांगितलं, "धावपट्टीला चार मैल उरेपर्यंत एकशे साठ नॉट वेग ठेवा." दोन्ही कॅप्टननी तेच शब्द परत म्हणून दाखवले. दोन विमानांमध्ये साडेतीन मैल होते, नियमाने तीनच्या खाली जायचं नव्हतं. धावपट्टीपासून नऊ मैलांवरच पुढच्या विमानाच्या वेगाचा आकडा घसरायला लागला. एकशे पन्नास. एकशे चाळीस. रेडिओवर चकार शब्द नाही. तिनेच विचारलं, "वेग किती?"

"एकशे बत्तीस," कॅप्टन म्हणाला. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं.

तिने मागच्याला वेग उतरवायला सांगितलं, पण मधली जागा भराभर आटत होती. शेवटी त्याला उतरणं रद्द करून वर जायला सांगावं लागलं. एकशे ऐंशी माणसं घेऊन ते विमान पुन्हा आभाळात चढलं, वळसा घेऊन वीस मिनिटांनी सुखरूप उतरलं.

संध्याकाळी पुढच्या विमानाच्या कॅप्टनची तक्रार आली : कंट्रोलरने विमानं फार जवळ लावली होती. चौकशी होईपर्यंत तिला ड्यूटीवरून उतरवलं.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी विमानतळावरच्या तिच्या साहेबांचा फोन आला. "दोन ओळी लिहून दे. अंतराचा अंदाज थोडा चुकला, असं. ताकीद देऊन मिटवतो."

"रेडिओवरच्या बोलण्याची टेप ऐकलीत का, सर?"

"टेपचं राहू दे. तो सीनियर माणूस आहे."

"मग मी कोण आहे?" ती अंगणात इतक्या मोठ्याने ओरडली की शेजारच्या बाया दारात आल्या. "टेप ऐकल्याशिवाय मी एक अक्षर लिहिणार नाही!"

बाजेवर बसलेले ज्ञानोबामामा चपापले. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली होती, त्यातली निम्मी धारूरच्या घाटात. "दीपे, सायबाशी आसं बोलत्यात व्हय? दे की लिहून. नोकरी ऱ्हाईल."

"मामा, घाटात पुढच्या गाडीनं कबूल केलेला वेग मधीच सोडला, हात न्हाई दाखवला, काई न्हाई. चुकी कुणाची?"

"पुढच्याची."

"आन् तुमी वेळेवर ब्रेक मारून पाशिंजर वाचवले, तर लिहून देताल का, माजी चूक हाय म्हणून?"

मामांनी पानाची पिंक टाकली. "त्याच्या मायला! न्हाई देणार."

भिमाबाई कपबश्या उचलता उचलता एवढंच म्हणाली, "मंग तू कावून देतीस?"

पुढच्या आठवड्यात चौकशी झाली. दीपमालाने हट्टाने टेप लावायला लावली. कॅप्टनचा स्वतःचा आवाज खोलीत घुमला, "एकशे साठ, चार मैलांपर्यंत." समोर रडारची नोंद होती : नऊ मैल, आणि वेग उतरतो आहे.

कॅप्टन खुर्चीत मागे रेलला. "पाठीमागून वारा होता. मी लवकर हळू केलं. विमान मी चालवतो, मॅडम. तुम्ही खुर्चीवर बसता."

दीपमालाचे कान तापले. आवाज मात्र तिने चढू दिला नाही.

"तुम्ही हळू केलंत याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. वारा तुम्हाला कळतो. पण 'एकशे साठ जमत नाही' एवढं बोलायला किती वेळ लागतो? तुम्ही बोलला असतात, तर मी मागच्याला तेव्हाच हळू केलं असतं. तुम्ही गप्प बसलात. आणि जमिनीवर आल्यावर माझ्याविरुद्ध बोललात."

कॅप्टनने साहेबांकडे बघितलं. साहेब कागद चाळत राहिले.

निकालात तिची चूक निघाली नाही, कॅप्टनला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवलं. पण शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : 'दोन्ही बाजूंनी समन्वय सुधारावा.' ते वाचून तिच्या अंगाचा पुन्हा तिळपापड झाला. माझी कुठली बाजू सुधारायची आहे ते दाखवा, नाहीतर 'दोन्ही' शब्द काढा, असं पत्र तिने पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. तिसऱ्या पत्रानंतर ती ओळ गाळलेली दुरुस्त प्रत आली, पाकिटात, सोबत चिठ्ठीही नाही.

ती पुन्हा रडारवर बसू लागली. साहेब तिच्याशी कामापुरतंच बोलतात. तिलाही त्याहून जास्त बोलायचं नसतं. माफी कुणीच मागितली नाही, आणि तो राग तिने अजून सोडलेला नाही.