बाटलीतलं पाणी वाढलं तेव्हा

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. आणि चहाचा घोट तोंडात असताना ऐकू नका, ठसका लागेल.

आमच्या झरीहून जिंतूरला जयंतीच्या कार्यक्रमाला जायचं होतं. माझी बायको संगीता पहिल्यांदाच स्टेजवर भीमगीत म्हणणार होती. महिनाभर भाकरी थापतानाही तीच चाल! मलाही 'दोन शब्द' बोलायचे होते, पण माझं कोण ऐकतंय? मी शाळेत विज्ञान शिकवतो.

आता माझी मोटारसायकल लय जुनी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आल्यापासून ती हिसके द्यायला लागली. कारण साधं आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. नव्या गाड्यांतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. माझ्या कार्बोरेटरला कुठलं आलंय डोकं? तो जुन्याच मापानं देतो आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. मेकॅनिक म्हणालाही होता, "सर, स्क्रू जरा फिरवून देतो." पण माझ्या मनानं घेतलं की पंपवाला पाणी मिसळतोय!

मग काय, कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच प्रयोग! बाटलीत थोडं पाणी घेतलं, पेनानं खूण केली, वर पेट्रोल ओतलं. हलवलं, निवळू दिलं. बघतो तर खालचं पाणी खुणेच्या वर चढलेलं!

"संगीता! चोर सापडला!"

"अवो, साडी नेसायलेय मी. उशीर व्हायलाय!"

एवढं पेट्रोल फेकवतं का हो माणसाला? वरचं पेट्रोल मी अलगद टाकीत परत ओतलं. अलगद म्हणजे माझ्या मतानं अलगद. खालचं पाणी पुरावा म्हणून बाटलीत ठेवलं.

गावाबाहेरच्या पंपावर गाडी थांबवली आणि बाटली उंच धरली. "बघा रे! एवढं टाकलं होतं, एवढं झालं! पेट्रोलमदी पाणी हाय का न्हाई?"

गर्दी जमायला वेळ लागतो का? एक जण म्हणाला, "सर बोलायलेत म्हंजी खरंच असंल." दुसऱ्यानं मोबाइल काढला. मॅनेजर बिचारा घामाघूम. मला तर स्फुरणच चढलं!

मागून संगीतानं शर्ट ओढला. "अवो, इथेनॉल पाण्यात विरघळतं. आठवीच्या पोरांना तुमीच शिकवता ना? ते पाण्यात उतरलं आन् पाणी वाढलं. घरी मोठ्यांदा तयारी करता, मला बी पाठ झालंय."

मग असा हशा, की पंपाचं छत उडतंय का काय! मी मॅनेजरला हात जोडले, किक मारली आणि पळालो.

पळालो कुठं? पंप नजरेआड व्हायच्या आत गाडी खोकली आणि बंद पडली. किका मारून मारून माझी चप्पल तुटली.

"बाटलीतलं पेट्रोल कुठं ओतलं तुमी?" संगीतानं विचारलं.

"टाकीत."

"मग त्याच्यासंगं पाणी बी गेलं की!"

तिचे डोळे भरून आलेले बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नशीब, तेवढ्यात जिंतूरची एसटी आली. तिनं हात केला आणि चढली. माझ्याकडं वळूनही बघितलं नाही.

मी गाडी ढकलत परत त्याच पंपावर. मॅनेजरनं टाकी रिकामी करून दिली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "सर, पेट्रोलमदी खरंच पाणी निघालं. तक्रार कुणाच्या नावानं लिवू?"

जिंतूरला पोचलो तेव्हा संगीताचं शेवटचं कडवं चालू होतं. टाळ्यांनी मंडप दणाणला आणि माझा जीव भांड्यात पडला. लगेच निवेदकानं माझं नाव पुकारलं. "सरांचा विषय आहे, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका, स्वतः प्रयोग करून बघा!"

मी माइकपाशी जाऊन उभा राहिलो. संगीतानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि माइकमध्ये ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "घ्या सर. पण आधी निवळू द्या."

अख्खा मंडप खो खो हसला. मी चक्रावलो, यांना कसं कळलं? पंपावरचा व्हिडिओ माझ्या आधी जिंतूरला पोचला होता!