शोधनावाचा रकाना

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी कॉम्प्युटरवर बसते. कापूस विकायला येणाऱ्यांची नोंद, काट्याची पावती, बिलं, सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये जातं आणि ते सांभाळणं माझं काम. मागच्या हंगामाआधी मालकांनी नवं सॉफ्टवेअर घेतलं. तेव्हा गोदाम आवरावं तसा जुना डेटा आवरायला काढला. चालू विक्रेते तेवढे नव्या सिस्टीममध्ये घ्यायचे आणि जुनं सगळं अर्काइव्हमध्ये, म्हणजे कुलूपबंद. त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे.

जुन्या सिस्टीममध्ये प्रत्येक विक्रेत्यापुढे 'शोधनाव' असा एक रकाना होता. आमच्याकडे एकाच गावात एकाच नावा-आडनावाची माणसं ढिगानं सापडतात. म्हणून गेटवरच्या काकांनी त्या रकान्यात आपली सोय करून घेतली होती. माणूस गावात जसा ओळखला जातो तसाच तिथं टाकलेला. तिरळा. बुलेटवाला. दोन बायकांचा. गाडी गेटला लागली की काका तेवढंच टाइप करायचे आणि माणूस सापडायचा. पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला ते वाचून खुर्चीत लोळायचा बाकी राहिला. मीही हसत होते. खोटं कशाला सांगू, चांगली पोट धरून हसत होते.

मग यादी खाली सरकली आणि माझ्या बाबांचं नाव आलं. त्यापुढे लिहिलं होतं, रडक्या.

कापूस ओला आहे म्हणून वजन कापायला लागले की बाबा काट्यापाशी उभे राहून अजिजी करतात. "पाहा ना साहेब, वाळेल हाय, हात लावून पाहा." हे मला माहीत होतं. त्यावरून नाव पडलंय, हे नव्हतं माहीत. मी त्यांची मुलगी, हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नव्हतं. मी कधी सांगितलं नाही आणि कापूस खाली करून बाबा परस्पर निघून जात. काकांचा राग यायला हवा होता. आली ती लाज, आणि तीही बाबांची.

"हा सगळा कचरा काढूनच टाकू या," मी म्हणाले. पुणेकराला एकदम पटलं. नव्यात जाणाऱ्या यादीतला तो अख्खा रकाना मी रिकामा केला. नव्या सिस्टीममध्ये नुसती पूर्ण नावं, सगळं कसं सभ्य. मोठं पुण्य पदरात पडल्यासारखी मी त्या दिवशी घरी गेले.

हंगाम सुरू झाला आणि गेटवर बोंब उठली. एका दुपारी काका थेट ऑफिसात आले. मागे बाबा, बाहीला कापूस चिकटलेला. बाहेर त्यांची गाडी अडलेली आणि तिच्यामागून हॉर्नवर हॉर्न.

"मॅडम, याइचं खातं कोन्तं तेच समजून नाही राह्यलं," काका म्हणाले. "एकाच नावाचे इतके जन. बिल दुसऱ्याच्या बँकेत गेलं तं कोन निस्तरन?"

एक वाक्य पुरलं असतं. हे माझे बाबा आहेत, मी दाखवते त्यांचं खातं. अकाउंटंट आणि बाकीचे माना वर करून पाहत होते. ते वाक्य माझ्या तोंडातून निघेना.

"पासबुक आणलंय का?" मी बाबांना विचारलं. ते पासबुक आमच्या कपाटात, माझ्याच सर्टिफिकेटांच्या फाइलखाली आहे, हे मला माहीत होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलांमागे बसलेल्या त्या माणसांकडे. घरी ते मला माय म्हणतात.

"नाही आनलं मॅडम," ते म्हणाले. "जुन्यात पाहा. रडक्या म्हनून असन."

सगळं ऑफिस हसलं. बाबाही थोडे हसले. त्यांना ते नाव आधीपासून ठाऊक होतं. मी अर्काइव्ह उघडलं, माझ्या हातानं तो शब्द टाइप केला. एकच नोंद आली. बँकेचा नंबर जुळवला आणि नव्यातलं खातं सापडलं.

"आता तेच नाव नव्यात टाकून द्या बरं," काका म्हणाले. "दरवेळी काऊन हा ताप?"

मी बाबांकडे पाहिलं. अजूनही नाही म्हणता आलं असतं, त्यांना किंवा मला.

"टाका मॅडम," बाबा म्हणाले. "त्या नावानं लवकर सापडतो मी."

मी टाकलं. बाबा काकांच्या मागे निघून गेले आणि बाहेरचे हॉर्न थांबले.

नवी सिस्टीम प्रत्येक बदलाखाली, तो कोणी केला त्याचं पूर्ण नाव आपोआप दाखवते. ते मला पुसता येत नाही. रडक्या, आणि त्याच्याखाली बदल करणारीचं नाव. आधी माझं, मग बाबांचं, मग आडनाव.